सिस्टरच्या सात टेस्ट

लॅपटॉपवर हिरवी पट्टी उमटली तशी मी स्क्रीन टेबलापलीकडे फिरवली.

"सगळ्या टेस्ट पास," मी म्हणाले. "एकही चूक नाही."

डॉक्टर माणगाव्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ तोंड नेलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या शिरगुप्पे सरांनी खुर्चीत पाठ टेकली. सर म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या आठ माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक, आणि कंपनीतले सगळ्यात चांगले प्रोग्रॅमरही तेच. दाराशी स्टुलावर मुजावर सिस्टर बसल्या होत्या. तालुक्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात नवजात बाळांची नर्सरी त्या एकवीस वर्षं सांभाळत होत्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

सकाळचे अकरा वाजले होते. दुपारी दोनला ड्युटी बदलली की नर्सरीतल्या औषधांचा हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर सुरू व्हायचा होता.

याला आता तेरा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, नोकरीला सहा महिने झाले होते आणि स्वतःबद्दल मला शंका कशी ती नव्हती. खोटं कशाला बोलू, कामाला मी चांगलीच होते. सर प्रोग्रॅम लिहायचे आणि तो तपासायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. त्यासाठी मी टेस्ट लिहायचे.

टेस्ट म्हणजे फार मोठं काही नसतं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा एक छोटा प्रश्न प्रोग्रॅमला विचारायचा. त्यानं तेच उत्तर दिलं तर पास, दुसरं दिलं तर नापास. असे प्रश्न एकामागून एक विचारून शेवटी निकाल सांगणारा एक तयार प्रोग्रॅम मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. सगळं बरोबर असलं की हिरवी पट्टी, एक जरी चुकलं तरी लाल.

आमचं सॉफ्टवेअर बाळाचं वजन आणि वय घेऊन कुठलं औषध किती द्यायचं आणि किती तासांनी द्यायचं ते सांगायचं. पहिल्या एकतीस टेस्ट मी ऑफिसात बसून, डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यावरून लिहिल्या. मग सर म्हणाले, "एकदा तिथल्या सिस्टरना भेटून ये. कागदावर नसतं ते त्यांना माहीत असतं."

म्हणून सलग तीन गुरुवारी मी एसटीनं तालुक्याला गेले. नर्सरीबाहेरच्या खोलीत सिस्टर कापसाचे बोळे करत बसायच्या आणि मी समोर वही उघडून.

"लिही," त्या म्हणायच्या. "बाराशे ग्रॅमचं बाळ. चौथा दिवस. अँटिबायोटिक किती तासांनी?"

"किती तासांनी?"

"चोवीस. आता नऊशे साठ ग्रॅमचं. तेच औषध."

"तेही चोवीस?"

"न्हाई. आमच्या डॉक्टरांचा नियम हाय, किलोच्या आतलं बाळ असलं की छत्तीस तास. त्याची किडनी अजून कच्ची असते. आधीचं औषध अंगातनं गेल्याबिगर पुढचं द्यायचं न्हाई."

"पण नऊशे साठ म्हणजे जवळजवळ किलोच की."

त्यांचे हात थांबले. "जवळजवळ किलो आणि किलो यात मी एकवीस वर्षं काढलीत," त्या म्हणाल्या, आणि पुढचा बोळा वळायला घेतला.

तीन गुरुवारांत त्यांनी मला सात प्रश्न दिले. प्रत्येकाचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. मला त्या सात प्रश्नांचं फार कौतुक वाटलं. ते बाकीच्यांत मिसळायला नकोत म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळी जागा केली आणि प्रत्येकाला त्यांचंच नाव दिलं. सिस्टर एक, सिस्टर दोन, सिस्टर तीन, असं सातपर्यंत. रन केलं, म्हणजे सगळ्या टेस्ट चालवल्या. हिरवी पट्टी आली. मी सरांना सांगितलं, सर डॉक्टरांना म्हणाले, आणि दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसलो होतो.

"मग सुरू करायला हरकत नाही," डॉक्टर माणगावे म्हणाले. "सिस्टर, तुम्हाला काही विचारायचंय?"

"एकच," सिस्टर म्हणाल्या. "प्रणाली, माझे प्रश्न घातलेस न्हवं?"

"सगळे घातलेत, सिस्टर. सातही पास झालेत."

"मग आता चुकवून दाखव."

मला समजलं नाही. "म्हणजे?"

"रोज ड्युटीवर आले की मी पयल्यांदा काय करते सांगू? बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजायची वायर असते. ती काढते आणि उभी राहते. मशीन बोंबललं की परत लावते. न्हाई बोंबललं तर मशीन बदलते. गप बसलेलं मशीन बरं चाललंय का मेलंय, ते बघून कळत न्हाई." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "हे तुझं मघापास्नं गप बसलंय."

सर हसले. डॉक्टरही हसले. मीही हसले, कारण मागणी अगदी सोपी होती. उलट मला आवडलीच. लाल पट्टी कशी दिसते तेही दाखवावं, म्हणजे सगळ्यांचा विश्वास बसेल.

"तुमचाच पहिला प्रश्न घेते," मी म्हणाले. "बाराशे ग्रॅमचं बाळ. बरोबर उत्तर चोवीस तास. मी त्या उत्तराच्या जागी मुद्दाम नऊशे तास लिहिते. म्हणजे बाळाला महिन्याभरानं औषध. आता रन केलं की हे चूक म्हणणार."

मी रन केलं.

हिरवी पट्टी आली.

मला वाटलं, मी बदल सेव्ह केला नसावा. सेव्ह केला. पुन्हा रन केलं. हिरवी.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जुना निकाल दिसत असेल," सर सहज आवाजात म्हणाले. "होतं असं कधीकधी. रीस्टार्ट कर."

रीस्टार्टनं काही होणार नाही हे मला कळत होतं. माझी नजर हिरव्या पट्टीखालच्या बारीक ओळीवर गेली होती. ती ओळ तिथं रोजच असायची. मी ती कधी वाचली नव्हती, रंग बघून पुढं जात होते. तिथं लिहिलं होतं, एकतीस पास.

एकतीस माझ्या, सात सिस्टरच्या. अडतीस पाहिजे होते.

आणि मग सगळं एका झटक्यात ध्यानात आलं. आम्ही वापरत होतो त्या फ्रेमवर्कचा एक नियम असतो. ज्याचं नाव 'टेस्ट' या शब्दानं सुरू होतं तेवढंच तो उचलतो आणि चालवतो. बाकी कशालाही तो हात लावत नाही, आणि लावला नाही म्हणून सांगतही नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा नियम मी शिकले होते. सिस्टरच्या प्रश्नांना मी कौतुकानं सिस्टरचं नाव दिलं होतं. त्यामुळे ते सातही प्रश्न आजपर्यंत एकदासुद्धा विचारले गेले नव्हते.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना अजून नेमकं कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. ते थोडं माझ्याकडे झुकले आणि हळू म्हणाले, "प्रणाली, जेवणानंतर बघू आपण. आत्ता बंद कर."

बंद करणं सोपं होतं. रीस्टार्टचं निमित्त तयार होतं. बाहेर जाऊन पाच मिनिटांत नावं बदलता आली असती, परत येऊन पाहिजे तशी लाल पट्टी दाखवता आली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हा सगळा विचार मी केला. करायला चार सेकंद लागले असतील. पण समोर सिस्टर होत्या, आणि मी त्यांना पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं, सातही पास झालेत.

"सर, नाही," मी म्हणाले, आणि डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, मी मघाशी चुकीचं सांगितलं. सिस्टरचे सात प्रश्न चाललेलेच नाहीत. माझी चूक आहे. मी त्यांना नावं चुकीची दिली, म्हणून ते वगळले गेले. दोन वाजता हे सुरू करू नका."

सरांनी खुर्चीच्या हातावर एकदा बोटं आपटली.

"म्हणजे उत्तरं चूक आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही अजून. आत्ता विचारते. तुमच्यासमोरच."

मी स्क्रीन परत सगळ्यांच्या दिशेनं केली. मघाचे नऊशे पुसून चोवीस लिहिले. मग एकेक नाव बदलत गेले. 'सिस्टर एक'च्या आधी 'टेस्ट' हा शब्द, 'सिस्टर दोन'च्या आधी, असं करत सातपर्यंत. रन केलं.

लाल.

खालची ओळ या वेळी मी मोठ्यानं वाचली. "सदतीस पास. एक नापास."

"कुठला?" सिस्टर पहिल्यांदाच स्टुलावरून उठल्या आणि माझ्या खांद्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा दुसरा. नऊशे साठ ग्रॅमचं बाळ. छत्तीस तास यायला पाहिजेत. हे चोवीस सांगतंय."

सिस्टरनी वाकून तो आकडा स्वतः वाचला. मग सरळ झाल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, रोजचा रिपोर्ट द्यावा तशा, "तीन नंबरच्या पेटीतलं बाळ आज सकाळी नऊशे सत्तर भरलं, सर. त्याचा पुढचा डोस बसवायचाय."

डॉक्टर माणगाव्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चूक शोधायला फार वेळ लागला नाही. बाळाचं वजन ग्रॅममध्ये घेऊन प्रोग्रॅम त्याचे किलो करत होता. पुढं एका ओळीत तो आकडा नीटनेटका केलेला होता, पॉइंटनंतर एकच अंक राहील असा, म्हणजे स्क्रीनवर सुटसुटीत दिसावा. शून्य पॉइंट शहाण्णवचा झाला एक. एक किलो झाला, की चोवीस तास. माझ्या एकतीस टेस्टमधली वजनं तक्त्यावरची होती, आठशे, बाराशे, दीड किलो. सगळी गोल आकड्यांची. त्यातली एकही या ओळीत अडकली नसती.

मी त्या ओळीवर कर्सर नेऊन थांबले. ती कुणी लिहिली ते मला माहीत होतं. मी मान वर केली नाही.

"ती ओळ माझी आहे," सर म्हणाले.

ते डॉक्टरांशी बोलत होते. "दिसायला बरं म्हणून घातली होती मी. गोल केलेला आकडा फक्त दाखवायला वापरायचा, हिशेबाला मूळचा घ्यायचा, हे मला कळायला पाहिजे होतं. हिनं टेस्ट लिहिली नसती तर ती तशीच राहिली असती."

"टेस्ट चालली नव्हती, सर," मी म्हणाले.

"लिहिली होतीस ना," सर म्हणाले. "आता ती ओळ दुरुस्त कर."

मी केली. रन केलं. हिरवी पट्टी, अडतीस पास. मी सिस्टरकडे पाहिलं.

"परत मोड," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या प्रश्नात छत्तीसच्या जागी सत्तर लिहिले. लाल. परत छत्तीस केले. हिरवी. मग त्यांनी मला उरलेले सहाही एकेक करून मोडायला लावले. प्रत्येक वेळी लाल झालं की त्या "हं" म्हणायच्या आणि मी ते दुरुस्त करायचे. या सगळ्यात पाऊण तास गेला. डॉक्टरांचा चहा निवून गेला, आणि सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस दोन्ही चालू दे. सिस्टर नेहमीसारखं हातानं काढतील, शेजारी हे मशीनही काढेल. औषध सिस्टरच्या आकड्यानं द्यायचं. एकदा जरी दोघांचं जमलं नाही तर मला फोन."

परतताना मी सरांच्या गाडीत होते. कोडोलीचा फाटा येईपर्यंत मी खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले होते. नोकरी गेली असं मी जवळजवळ धरून चालले होते, आणि त्याचं मला वाटायला पाहिजे होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं.

"मी बंद कर म्हटलं तेव्हा तू ऐकलं नाहीस," सर म्हणाले.

"नाही ऐकलं, सर."

"मला राग आला होता."

"दिसलं मला."

"अजून थोडा आहे." त्यांनी एका ट्रॅक्टरला मागं टाकलं. "उद्यापासून माझा प्रत्येक प्रोग्रॅम आधी तुझ्याकडे येईल. तू सोडलास तर गिऱ्हाइकाकडे जाईल. मी काहीही म्हटलं तरी."

"लिहून द्याल?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी थट्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते ईमेलवर लिहून दिलं, ऑफिसातल्या सगळ्यांना.

ते आठ दिवस मी तालुक्यातच राहिले, सिस्टरच्या ओळखीच्या एका बाईंच्या घरी. सकाळी सातला नर्सरीत जायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी उभं राहायचं. सिस्टर कागदावर आकडा काढून कागद पालथा ठेवायच्या. मी मशीनचा आकडा सांगायचे. मग त्या कागद उलटायच्या. पहिल्या दिवशी अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी चौदा वेळा. आकडा जमला तरी त्या "छान" वगैरे काही म्हणत नसत. पुढचा कागद घेत.

तीन नंबरच्या पेटीतलं बाळ मी रोज बघायचे. मुलगी होती. तिची आई शिरोळकडची, दारातल्या काचेला नाक लावून उभी असायची. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. गाऊनमुळे ती मला नर्सच समजायची. एकदा तिनं विचारलं, "वाढतंय न्हवं, ताई?" मी वजनाचा आकडा सांगितला. तिनं तो दोनदा पुटपुटला आणि मोबाइलवर कुणाला तरी कळवला.

आठव्या दिवशी सकाळी सिस्टरनी त्या मुलीला वजनकाट्यावर ठेवलं. पाय झाडत होती, त्यामुळे आकडा स्थिर व्हायला वेळ लागला. एक हजार दहा.

सिस्टरनी कागद काढला, लिहिलं, पालथा ठेवला. मी वजन टाकलं. स्क्रीनवर आतापर्यंत रोज छत्तीस यायचे. आज चोवीस आले. डोसही थोडा वाढला होता. मी दोन्ही आकडे सांगितले. सिस्टरनी कागद उलटला. तेच होते.

त्या कागदाकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग घडी घालून तो त्यांनी ॲप्रनच्या खिशात टाकला आणि डॉक्टरांना फोन लावला. "आठ दिवस झाले, सर. एकदाही फरक न्हाई. हा डोस मशीनच्या आकड्यानं देऊ?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

औषध भरण्याआधी दोन नर्सनी आकडा मोठ्यानं वाचायचा, असा त्या नर्सरीतला नियम होता. सिस्टरनी शेजारच्या नर्सला बोलावलं, तिनं वाचला. सिस्टरनी स्वतः वाचला. सिरिंजचं टोपण काढलं आणि तशाच थांबल्या.

"तू वाच," त्या मला म्हणाल्या.

"मी? माझं काय काम, सिस्टर? नियम दोघींचा आहे."

"दोघींचं झालं. आता तू."

तोवर त्या प्रोग्रॅमनं आठ दिवसांत शंभरावर उत्तरं दिली होती, आणि त्यातलं एकही कुणाच्या अंगात गेलं नव्हतं. पेटीच्या काचेतून तिचा पाय दिसत होता, माझ्या अंगठ्याएवढा, त्याला वायर बांधलेली. दारापाशी तिची आई उभी होती. मी स्क्रीनपुढं नीट उभी राहिले. नाव वाचलं, वजन वाचलं, औषध वाचलं, मग आकडा.

सिस्टरनी सिरिंज उजेडाकडे धरून तेवढं औषध ओढून घेतलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.